आत्याचे हरलेले डाव

आत्या शाळेत इंग्रजी शिकवायची. अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ मला तिनंच शिकवला, सोलापुरातल्या तिच्या घरी, स्क्रॅबलचा फलक आणि शेंगाचटणीचा डबा मध्ये ठेवून. मुद्दाम कधी जिंकू दिलं नाही. मी पुण्याला नोकरीला लागले, आणि मागच्या वर्षी तिच्या मोबाइलवर तसलाच एक खेळ घालून दिला. रोज एक डाव होईल, म्हणून.

आणि ती हरायला लागली. सलग नऊ डाव, तेही मोठ्या फरकानं. सत्तरी ओलांडलेली बाई. शब्द आठवेनासे झालेत की काय, अशी शंका मला खाऊ लागली. फोनवर विचारायचा धीर होईना. शनिवारी सकाळची गाडी पकडून सोलापूर गाठलं.

डॉक्टरांचा विषय कसा काढावा या विचारात होते, तोवर तिनं फलक मांडलाच. तासाभरात मला धुतलं. एकदा तर खोटा शब्द ठेवून इतक्या शांतपणे बघितलं, की मी हरकतच घेतली नाही.

"मग मोबाइलवर काय होतं तुला?"

"तूच बघ की," म्हणत तिनं आमचा चालू डाव दाखवला.

कुठलंही अक्षर म्हणून चालणारी कोरी सोंगटी हातात धरून ती सात अक्षरांच्या शब्दाची वाट बघत बसली होती. फलकावर ते बरोबर. तिथं सातही लावली की पन्नास गुण जादा. मोबाइलवर पस्तीसच. शिवाय गुण दुप्पट-तिप्पट करणारी घरं इतकी जवळजवळ, की वाट बघेपर्यंत समोरचा ती बळकावतो. मी तेच करत होते. आणि चुकीचा शब्द मोबाइल नुसता नाकारतो, फलकावर पकडला गेल्यासारखी पाळी जात नाही. म्हणजे तिचा शांत चेहरा तिथं फुकट, आणि मी मात्र वाटेल ते ठोकून बघायला मोकळी.

"म्हणजे माहीत नसलेले शब्द लावत होतीस?"

"हो."

"लई निर्लज्ज आहेस की."

मग मी का आले ते खरं सांगून टाकलं. तिनं मोबाइल बाजूला ठेवला.

"मलापण तीच भीती वाटत होती," म्हणाली. "रोज सकाळी पाढे म्हणून बघत होते. एकोणतीसपर्यंत."

मी तिच्याजवळ सरकून बसले. दुपारभर तिप्पटीच्या घरात दोन अक्षरी शब्द कसे खुपसायचे, ते तिला दाखवलं.

आता पाचातले तीन डाव ती जिंकते. अंदाजानं शब्द ठोकायला मात्र अजून तयार नाही. आधी शब्दकोश काढून बघते, तोवर मी थांबते.