मी गोळा केलेली नऊ मतं

ऑकलंडच्या विमानतळावरून हेन्डरसन उपनगरातल्या आपल्या घरी नेताना मुलगा, निखिल, हिरवे डोंगर दाखवत होता आणि मी रस्त्याकडेची बांधकामं बघत होतो. एका जुन्या बंगल्याच्या जागी सहा दुमजली घरं, ना झाड, ना गाडी लावायला जागा.

"परवानगी कुणी दिली?" मी विचारलं.

"बाबा, डोंगर बघा."

"पण बिल्डर कोण?"

सौ.ने डोळे मिटून घेतले. पुण्यात तीस वर्षं मी वॉर्डातल्या निवडणुकांची कामं केली. स्वतः कधी उभा राहिलो नाही, कारण आपल्याला मतं कोण देणार, एवढी अक्कल मला होती.

दुसऱ्याच आठवड्यात माझं नशीब उघडलं. शेजारची मंजिरी, मूळची डोंबिवलीची इंजिनिअर, लोकल बोर्डाच्या (म्हणजे आपल्या प्रभाग समितीसारख्या मंडळाच्या) निवडणुकीला उभी होती. घरं वाढली पण गटारं तीच, पाऊस पडला की पाणी तुंबतं, हा तिचा मुद्दा. त्यात इथे मतपत्रिका चक्क टपालाने घरी येते! कायम राहायचा व्हिसा असला तरी मत देता येतं. बूथ नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही. मला गहिवरूनच आलं.

शनिवारी मी आणि सौ. मराठी घरं फिरलो. वर रिमझिम, पायात जँडल (म्हणजे साध्या स्लिपर), त्यामुळे एका उतारावर मी न्यूझीलंडच्या भूमीला साष्टांग नमस्कार घातला. कुलकर्णीआजी इथे लेकाकडे कायमच्या आलेल्या. त्यांनी कुमरा (इथलं रताळं) घातलेलं गरम थालीपीठ दिलं आणि मागितल्यावर कोरी मतपत्रिकाही दिली. "तुम्हीच भरा," असं सगळेच म्हणाले. संध्याकाळपर्यंत नऊ जमल्या. मी स्वतःवर फारच खूश होतो.

जेवणाच्या टेबलावर त्या पसरून मी पेन शोधत होतो, तेवढ्यात नात आली. दहा वर्षांची ईरा.

"आजोबा, दॅट्स सो इल्लीगल."

याला संघटन म्हणतात, असं मी तिला समजावू लागलो. ती सरळ शेजारी जाऊन मंजिरीला घेऊन आली. मंजिरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, एकीवर तरी खूण केलीत?"

"पेन सापडत नव्हतं."

"देवाची कृपा. हे बाहेर कळलं तर माझी उमेदवारी गेलीच. पण पुढेही म्हणतील, ही माणसं असंच करतात. मग आपल्यातल्या कुणावर कोण विश्वास ठेवणार? उद्या सगळ्या परत करा. आणि प्रत्येकाला सांगा, हवं त्याला मत द्या."

"हवं त्याला?"

"हो काका. हवं त्याला."

तीस वर्षांत एकाही उमेदवाराने मला हे सांगितलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

रविवारी पुन्हा नऊ घरं. कुलकर्णीआजींनी मतपत्रिका हातात घेतली आणि त्या हसल्या. "बरं झालं आणलीत. मला त्या दुसऱ्या बाईंना मत द्यायचंय. आमच्या बसथांब्यावर बाक त्यांनीच मिळवून दिला. काल तुमच्यापुढे बोलायला संकोच वाटला हो." सौ. माझ्याकडे बघत होती.

मंजिरी निवडून आली. माझ्या मदतीशिवाय, हे निखिलने मला दोनदा ऐकवलं.

पुण्यात परतलो तर महापालिका निवडणुकीची धामधूम. पक्षाचा कार्यकर्ता यादी घेऊन दारात उभा. "काका, तुमची दोन्ही मतं नेहमीसारखी धरतो." मी सवयीने मान डोलावली.

"एकच धरा," आतून सौ. म्हणाली. "माझं मी बघीन."

तो गेला. वॉर्डभर मतं मागत फिरलो, पण घरातलं हे एक मत मी कधी मागितलंच नव्हतं, परस्पर धरून चाललो होतो. मी हळूच विचारलं, "इतकी वर्षं तू मत कुणाला देत होतीस गं?"

"तुम्ही सांगाल त्याला," ती म्हणाली, "एकदाही नाही."