ओल्या हाताने पाच वेळा

बाबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ असा एक भाग आहे. त्यात आत शिरलं की एक जागा येते, तिथे फक्त एकच नंबर ठेवता येतो. बाजूचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की फोन पाच आकडे उलटे मोजतो, मोजताना भोंगा वाजवतो आणि मग त्या एका नंबरला आपोआप फोन लावतो. गेल्या दीड वर्षात त्या जागेवर तीन नंबर येऊन गेले. तिन्ही मीच ठरवले.

फोनही मीच घेऊन दिला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शेलूबाजारपासून थोडं आत आमचं वावर आहे. तिथे पिकवलेल्या पालक, मेथी आणि सांबाराच्या जुड्यांवर माझं शिक्षण झालं. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात नोकरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी भाजीवालीकडे सांबार मागितला आणि तिने मला समोरच्या इडलीच्या गाडीकडे बोट दाखवलं. ज्यांनी एवढं केलं त्यांच्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न मला पुण्यात सारखा टोचायचा. पैसे पाठवत होते, पण तेवढ्याने समाधान होत नव्हतं.

बाबांना शुगर आहे. सकाळी इंजेक्शन घेतात आणि ‘येऊन खातो’ म्हणत वावरात निघून जातात. मग काम सुटत नाही, खाणं राहतं आणि शुगर एकदम उतरते. एकदा माय भाजी विकून परत आली तर बाबा विहिरीजवळच्या निंबाखाली घामाने भिजून बसलेले होते आणि तिलाच विचारत होते, ‘‘तुमी कोनाच्या वं?’’ डॉक्टरांनी खिशात साखर ठेवायला सांगितली. खिशात मुंग्या व्हायला लागल्या म्हणून त्यांनी साखरेची पिशवी निंबाच्या फांदीला टांगून ठेवली. झाड काही त्यांच्या मागे मागे फिरत नाही, हे मी फोनवर अनेकदा सांगून पाहिलं.

म्हणून दिवाळीत घरी गेले तेव्हा मी फोनची सगळी सेटिंग लावून दिली. रक्तगट, आजार, इंजेक्शनचं नाव भरलं. संकटाचा मेसेज आणि नकाशावरचा ठिकाणा मला येईल असं केलं. आणि फोन लावायच्या त्या एका जागेवर ११२ होता, तो तसाच ठेवला. बाबांना बटण दाखवलं. ते म्हणाले, ‘‘म्हंजे भोंग्याचं बटन.’’ मी म्हटलं, हो.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. वावरात बाबांचे हात कायम ओले असतात. विहिरीजवळच्या टाक्यात जुड्या धुवायच्या, पाणी शिंपडून पोत्यावर रचायच्या. वीज जायच्या आत ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं, आटपायचं, म्हणून ते दर थोड्या वेळाने फोनवर टाइम पाहतात. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. मग ते जुन्या टॉर्चचं बटण दाबावं तसं बाजूचं बटण दाबत राहतात, एकदा, दोनदा, पाचदा. भोंगा सुरू झाला तरी ओल्या बोटांनी तो थांबत नाही.

मी पुण्यात परतून आठवडा झाला नाही तोच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोलिसांची गाडी उभी राहिली. दोघे जण उतरले आणि टाक्यापर्यंत चालत गेले. घोट्याएवढ्या पाण्यात उभे असलेले बाबा आणि हातात मेथीची जुडी. ते पोलिस खूप समजूतदारपणे बोलले, असं माय सांगते. ‘‘काका, चुकून लागला का? हरकत नाही, खात्री करायलाच आलो,’’ असं म्हणून निघून गेले. पण गाडी गावातून आली आणि गावातूनच परत गेली.

संध्याकाळी बाबांचा फोन. ‘‘बंद कर ते तुय.’’

‘‘बाबा, बंद नाही करत. पण—’’

‘‘अख्खं गाव इचारून राह्यलं, काहून आली होती गाडी? त्या कुपनवाल्यानं तर तिकडून आवाज देला. म्हने, भाजीत काय पेरलं गा तू?’’

कुपनवाला म्हणजे कुंपणवाला, आमच्या बाजूच्या वावरातले काका. लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणते. दहावीच्या परीक्षेला रोज त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून केंद्रावर गेले होते, कारण बाबांना ओलित सोडता येत नव्हतं. दुपारची भाकर ते आमच्याच विहिरीवर बसून खायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोजणी आणली आणि दोन वावरांमधल्या पायवाटेवरून तारेचं कुंपण ओढलं. मोजणीप्रमाणे वाट त्यांच्याच हद्दीत होती. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की आधी तोंडाने सांगायचं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, टोमणे तेवढे तारेवरून जायचे.

पुढच्या सुटीत मी ११२ काढला. लॉक उघडला नाही तरी तो नंबर लावता येतो, हे दोघांना नीट दाखवून ठेवलं. आता त्या रिकाम्या जागेवर कोण, हा प्रश्न होता. मायकडे साधा फोन, आणि बाजारात बसली की तिला तो ऐकू येत नाही. मी हळूच म्हटलं, ‘‘बाबा, सगळ्यात जवळ तर काकाच असतात.’’

‘‘त्याचा नंबर टाकशीन तर फोन इहिरीत टाकीन.’’

माय चुलीजवळून म्हणाली, ‘‘टाका. मंग काढाले कोन उतरंन? गावात इहिरीत उतरनारा एकटा तोच हाये.’’

बाबा उठून बाहेर गेले. मी त्या जागेवर माझा नंबर टाकला. तेव्हा मला ते फार बरोबर वाटलं. मी शिकलेली, माझा फोन कायम चार्ज, मी एका रिंगमध्ये उचलणारी. संकट आलं तर आधी मला कळावं, अशी माझीच इच्छा होती.

त्यानंतरचे चार महिने मी नीट बसलेली मला आठवत नाही. आठवड्यातून दोनदा तरी फोन वाजायचा. आधी मेसेज, त्यात नकाशावरचा निळा ठिपका, मागोमाग बाबांचा फोन. मी ऑफिसच्या जिन्यात धावत जायचे.

‘‘बाबा! काय झालं?’’

‘‘काई नाई. काहून?’’

‘‘तुम्ही फोन केला ना!’’

‘‘मी कायले करू? यानंच केला.’’

मी हसायचे, जागेवर यायचे, आणि मग तासभर फोन मांडीवरच ठेवून काम करायचे. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायचे. दर सकाळी साडेआठला विचारायचे, ‘‘खाल्लं का?’’ बाबा ‘हो’ म्हणायचे. त्या ‘हो’चा आवाज कसा आहे यावरून मी खरंखोटं ठरवायचे. नकाशा उघडून उगाच आमचं वावर बघत बसायचे. वरून पाहिलं की विहीर, टाकं, निंब, आणि त्याला अगदी लागून काकांचा पत्र्याचा गोठा. कुंपण नकाशात दिसत नाही.

मग तो बाजाराचा दिवस. पावणेअकरा झाले होते. साहेब काहीतरी समजावत होते आणि मी वहीत खाली मान घालून बसले होते. मेसेज आला. मागोमाग फोन. मी बाहेर येऊन उचलला आणि हसतच म्हटलं, ‘‘यानंच केला ना?’’

पलीकडे कोणी बोललं नाही. टाक्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आणि अगदी फोनजवळ श्वास, तोंडाने घेतलेला, जड.

‘‘बाबा? बाबा, साखर घ्या. निंबाजवळ जा.’’

श्वास. मग ते काहीतरी बोलले, पण त्यात शब्द नव्हता.

माय बाजारात. गाव लांब. माझ्या हातात एकच फोन, आणि त्यात बाबा. दुसऱ्या कोणाला फोन लावायचा तर हा तोडावा लागणार होता. फोन होल्डवर ठेवता येतो हे मी स्वतः मायला शिकवलं होतं. त्या क्षणी मला ते आठवलं नाही. तो श्वास ऐकू येतो आहे तोवर बाबा आहेत, एवढंच डोक्यात होतं. मी किती वेळ तशीच उभी राहिले, सांगता येणार नाही. मग मी फोन तोडला आणि काकांना लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

‘‘कोन?’’

‘‘काका, मी बोलते. पुण्याहून. बाबा टाक्याजवळ हायेत, बोलून नाई राह्यले. शुगर उतरली. निंबाच्या फांदीले पिशवी हाये, साखरेची...’’

त्यांनी पुढचं ऐकलं नाही. फोन ठेवलाही नाही. खिशात टाकला असावा, कारण मला आता कापडाची घसघस आणि धावण्याचा दणका ऐकू येत होता. मग तार ताणल्याचा आवाज, कापड टर्रकन फाटल्याचा आवाज, आणि एक सणसणीत शिवी. मग पाणी. बाबांच्या फोनमध्ये ऐकलं होतं तेच पाणी, आता काकांच्या फोनमध्ये.

‘‘अबे, उठ. इकडं पाय. तोंड उघड.’’

काही नाही.

‘‘उघड ना बे! तीन वर्स बोलला नाई, आता साखर खायलेबी तोंड उघडत नाई का?’’

मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. ऑफिसमधली एक मैत्रीण पाण्याची बाटली घेऊन समोर उभी होती. तिला हातानेच थांब म्हटलं.

‘‘गिळ. हं. आनखी घे. थुकू नको, लेका, थुकू नको.’’

बराच वेळ नुसतं पाणी. मग बाबांचा आवाज, चिरकलेला, पण शब्द स्पष्ट. ‘‘हात काढ. मी खातो.’’

‘‘खाय. मी काई सांबार खुडाले नाई आलो इथं.’’

मग खिशातून फोन बाहेर आला. ‘‘हालो. हायेस का अजून?’’

‘‘हो काका.’’

‘‘बोलून राह्यला. मलेच शिव्या देऊन राह्यला, म्हंजे बरा हाये. रडू नको वं. मी दवाखान्यात नेतो त्याले.’’

शेलूबाजारच्या डॉक्टरांनी तपासून दुपारी घरी सोडलं. काकांच्या पोटरीला तारेने लांब चिरलं होतं, त्यांनाही तिथेच धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले.

बाबा बाजेवर बसून भाकर खात होते. मला पाहून म्हणाले, ‘‘मी दाबलं नव्हतं. टाइम पाहून राह्यलो होतो. तुई माय कवा येते ते पाहाव म्हनलं. आकडेच दिसेनात, म्हनून दाबत गेलो.’’ भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘‘त्याचा पायजमा फाटला तारेत. सोताच्याच तारेत.’’ आणि खाली पाहून हसले.

मी फोन घेतला. ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ उघडलं. त्या एका जागेवर माझा नंबर होता.

‘‘बाबा, काकांचा टाकू?’’

त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतले, ओले हात धोतराला पुसले.

‘‘टाक. पन त्याले सांगू नको.’’

‘‘सांगावं तर लागंन. दाबलं की त्यांच्याच खिशात वाजते.’’

‘‘मंग वाजंन तवा समजंन त्याले.’’

माय आतून म्हणाली, ‘‘लय वाजंन. दिवसातून चार खेपा.’’

स्वतःचा नंबर खोडायला एक सेकंद लागतो. मला बराच वेळ लागला. या घरातल्या सगळ्यांनी मिळून मला शिकवलं, इतक्या दूर पाठवलं, आणि मी परतफेड म्हणून जे एक काम मनाशी धरलं होतं ते मला इथून करता येण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या जिन्यातून मी फक्त श्वास ऐकू शकले. साखर तोंडात घालणारा हात दुसऱ्याचा होता. मी खोडलं आणि काकांचा टाकला. मेसेज आणि ठिपका मात्र माझ्याकडेच येत राहील असं ठेवलं. तेवढं मला सोडवलं नाही.

निघताना काकांना सांगायला गेले. रस्त्याने फिरून जावं लागलं, कुंपण तसंच होतं. ते पोटरीवर पट्टी बांधून गोठ्यात बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हंजे तुया बाप रोज मले भोंगा ऐकवनार.’’ मी म्हटलं, ‘‘हो काका. चुकूनच जास्त वेळा.’’ ते म्हणाले, ‘‘ठीक हाये. तसाबी त्याचा आवाज काई गोड नव्हता.’’

मागच्या आठवड्यात मेसेज आला. निळा ठिपका, टाक्याजवळ. मी जेवणाचा डबा उघडून बसले होते. बाबांचा फोन आता मला येत नाही, म्हणून मी त्यांना लावला. व्यस्त. काकांना लावला. तोही व्यस्त. दोघे एकमेकांशीच जोडलेले आहेत, हे मला कळत होतं. तरी मी उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा लावला. व्यस्त. मैत्रीण म्हणाली, ‘‘बस ना.’’ मला बसवेना. सात मिनिटं झाली. सात मिनिटांत एखादा माणूस कुंपणापर्यंत येतो का, तार वाकवतो का, हे मी मोजत होते.

मग काकांचा फोन आला.

‘‘काई नाई वं. ओल्या हातानं दाबलं त्यानं.’’

‘‘मग एवढा वेळ काय बोलत होते?’’

‘‘कोन बोलते? त्याले फोन बंद करता येत नाई, मले करावा वाटला नाई. चालू होता. तो पालक धुऊन राह्यला होता, मी ऐकून राह्यलो होतो.’’

पलीकडे म्हैस हंबरली. मग त्यांनी विचारलं, ‘‘तू जेवली का?’’

डबा समोर तसाच उघडा होता. मी म्हटलं, ‘‘हो.’’ माझा ‘हो’ त्यांनी जरा वेळ ऐकला असावा.

‘‘खोटं नको बोलू,’’ ते म्हणाले. ‘‘पयले जेव. मंग ठेवतो फोन.’’