एकोणीस खाचांचा लॉक

देवजी विशेची पिकअप दारात उभी राहून सतरा दिवस झाले, तेव्हा वरच्या ठाकूरवाडीची येसू करांद्याच्या कंदांचं गाठोडं घेऊन त्याच्या घरी आली. सन २००३ची दिवाळी नुकतीच सरली होती.

"गाडीला बरं नाय कं, देवजीदादा?" ओटीवर टेकता टेकता तिने विचारलं, घरात कुणी आजारी असावं तसं.

"मागचा लॉक तुटला गो. जुनी गाडी, सामान कुठं मिळत नाय."

"मिळंल. घाई नको करू." येसूने करांदे चंद्रकलेच्या सुपात ओतले, तांब्याभर पाणी प्याली आणि उठली.

चंद्रकला, देवजीची बायको, तिला फाट्यापर्यंत पोचवून आली. चुलीशी बसल्यावर बोलली, "वाडीच्या बाया भेंडीच्या पाट्या डोक्यावर घेऊन खालच्या सडकेपर्यंत चालत येतात. दोन तास लागतात. तुमाला सांगू नको बोलली ती."

दुसऱ्याच दिवशी देवजीने पिकअप एका टेम्पोला बांधून शहापूरला ओढत नेली.

ही पिकअप त्याने ९४ साली एका ठेकेदाराकडून घेतली होती. तानसा धरणाच्या बाजूला पाइपलाइनच्या कामावर तो त्याच ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. काम संपलं, ठेकेदार गेला, गाडी देवजीकडे राहिली. तिच्यात काय आहे ते त्याला वाडीच्या चढावर कळलं. तिथे नाल्याच्या तोंडाशी एक तिरपा खडक आहे, त्यावर चढताना मागचं एक चाक जमीन सोडतं. साध्या गाडीचा सगळा जोर त्या उचललेल्या चाकात जातो. ते हवेत गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. देवजीच्या गाडीला मागे, दोन चाकांच्या मधल्या गोळ्यात, लॉक होता. दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी ओढायची. म्हणून आठवड्यातून तीन दिवस वाडीची भाजी खाली यायची आणि वाडीचं मीठ, पत्रे, आजारी माणसं वरखाली व्हायची. म्हाताऱ्यांसाठी त्याने मागे फळी ठोकली होती, तिच्यावर पेंढा भरलेलं गोणपाट. वाटेत डोक्यावर ओझं असलेलं माणूस दिसलं की गाडी आपोआप थांबायची.

मात्र काही निवडायचं म्हटलं की देवजीचा जीव अर्धा व्हायचा. एकदा छत्री घ्यायला त्याला किन्हवलीचे तीन बाजार लागले होते, आणि तोवर पावसाळा अर्धा सरला होता.

शहापुरात नथूचं गॅरेज होतं. नथू आणि देवजी एका शाळेतले. नथूने गोळा उघडला, आतले तुटलेले दात ताटलीत काढून ठेवले आणि म्हणाला, "देवज्या, दोन रस्ते. साधा, बिनलॉकचा डिफरन्शियल टाक, उद्या मिळतो. किन्हवली-शहापूर डांबरावर चालव, आरामात राहा. नायतर आतले दात वेल्डिंग करून जाम करतो. तुझा लॉक तयार."

"जाम केला तर दोन चाकं कायमची बांधलेली, वळणार कशी?"

नथूने दारात उभी असलेली एक जाम केलेली जीप दाखवली. देवजीने ती बाजारपेठेत एकदा फिरवून आणली. कोपऱ्यावर वळताना टायर किंचाळले, पानवाल्याने मान बाहेर काढून बघितलं, आणि हातातलं स्टिअरिंग असं झटकलं की देवजीचा खांदा दुखला. तो जीप लावून खाली उतरला. "म्हाताऱ्या माणसांना यात नाय बसवणार मी."

"मग कुर्ल्याला जा. मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचं सामान येतं तिथं. पण चाक फिरवणारा दांडा, तुझी धुरी, तिच्या टोकाला खाचा आहेत, तेवढ्याच नव्या लॉकच्या आत पाहिजेत. एक कमी-जास्त चालणार नाय. धुरीच घेऊन जा बरोबर."

चंद्रकला म्हणाली, मी येते. एकटे गेलात तर दिवाळी पुढची उजाडेल.

पहाटे भाजीच्या टेम्पोतून दोघं निघाली, पायाशी गोणपाटात गुंडाळलेली धुरी. कुर्ल्याच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लोखंडाचे ढीग. पहिल्या दुकानातल्या लॉकला खाचा दहाच निघाल्या. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने धुरी हातात घेतली. देवजी खाचा मोजायला लागला. एकदा अठरा आल्या, एकदा वीस. चंद्रकलेने चिंधीने ग्रीस पुसलं, कपाळावरची टिकली काढून एका खाचेत चिकटवली, आणि तिथून बोटाने मोजत टिकलीपर्यंत परत आली.

"एकोणीस."

म्हातारा हसला आणि आत जाऊन दोन लॉक घेऊन आला. दोन्ही एकोणीस खाचांचे.

"हा प्लेटवाला. आरामाचा आहे, आवाज नाही, झटका नाही."

"आणि एक चाक पूर्ण उचललं तर?"

"तो फिर घूमता रहेगा," म्हाताऱ्याने खरं ते सांगितलं. "हा दुसरा दातवाला. हा ओढणारच. वळताना स्वतःच सुटतो, टकटक वाजतो. पण ओल्या डांबरावर जोरात वळलात तर गाडी सरळ पळायला बघेल."

देवजी चहा प्यायला गेला. परत आला, दोन्ही लॉक उचलून बघितले, पुन्हा चहाला निघाला.

"अवो, छत्री नाय घ्यायची," चंद्रकलेने त्याची बाही धरली. "वाडीला जायचं कं नाय, तेवढं सांगा."

"जायचं."

"मग चाक उचलतं तिथं जो चालंल तो घ्या. वळणावर हळू जायचं म्हणतो ना हा बाबा? तुमाला तर आताच सायकलवाले मागं टाकतात."

दुकानातला म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. दातवाला लॉक गोणपाटात गेला.

नथूने दोन दिवस बसून तो चढवला. तिसऱ्या दिवशी वाडीची पंचवीस माणसं नाल्याशी उभी होती. देवजीने गाडीतल्या सगळ्यांना उतरवलं. चंद्रकला उतरेना.

"खाचा मी मोजल्यात," ती म्हणाली. "मी बसणार."

खडकावर मागचं डावं चाक उचललं. क्षणभर गाडी तशीच थांबली. मग खालून टक् असा आवाज आला, उजव्या चाकाने माती धरली आणि पिकअप वर निघाली. पोरं ओरडत मागे धावली. येसूने चिखलाच्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी झाली." मग भेंडीच्या पाट्या चढल्या.

चार वर्षांनी वाडीपर्यंत डांबर आलं. सहा आसनी गाड्या येऊ लागल्या, त्यांचे भोंगे दिवसभर वाजू लागले. नथू म्हणाला, आता तरी साधा डिफरन्शियल टाक, टायर वाचतील. देवजीने या वेळी कुणाला विचारलं नाही, चहालाही गेला नाही. डांबर संपतं तिथून पुढे दोन नाले ओलांडून एक कातकरवाडी आहे. दर मंगळवारी तो तिकडे जायला लागला.

पहिल्या मंगळवारी खाली न्यायला कुणाकडे काहीच माल नव्हता. गुणा नावाच्या माणसाने आपल्या म्हाताऱ्या आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि आपण मागच्या फळीवर बसला. डोळे दाखवायला मुरबाडला न्यायची होती. गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरून ती मुरबाडपर्यंत एक शब्द बोलली नाही. डांबरी वळणांवर देवजी इतका हळू गेला की मागची एसटी भोंगा वाजवून थकली.

दवाखान्याशी त्याने तिला हात धरून उतरवलं. "परत कधी बसणार गाडीत, आजी?"

"उद्या," म्हातारी म्हणाली.