उडत्या अंगाचं माप

या जगात माणसांनी घर मांडलं त्याला तीन पिढ्या झाल्या. पंखवाले त्याआधीपासूनचे. दोघांचा बाजार एक, पाणवठा एक, भांडणंही सामाईक. पण पंखवाल्यांच्या अंगाला बसेल असा कोट शिवणारा शिंपी माणसांत अजून निपजला नव्हता.

शिंपिणीनं मात्र टपालवाल्या मावशींना शब्द दिला होता. मावशी पंखवाल्या. डोंगरापलीकडच्या वस्त्यांची पत्रं नेत त्यांची हयात गेली. आता पिसं विरळ झाली होती, वरचा वारा छातीत भरत होता. थंडीच्या आत कोट झाला नाही, तर कचेरी त्यांना खाली बसवून पत्रं निवडायला लावणार होती.

दोन कोट झाले. दोन्ही पहिल्याच झेपेत पाठीवर टरकले.

"उशांचे अभ्रे शिवा, वहिनी," नणंद म्हणाली. "ते तरी उडत नाहीत."

शिंपिणीनं फाटकी शिवण बोटांनी चाचपली. टाके शाबूत होते, कापडच फाटलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं. छपराखाली पंख उघडणं पंखवाल्यांत उर्मटपणाचं. मावशी दुकानात पंख मिटून गरीब गाईसारख्या उभ्या राहायच्या, आणि ही त्या मिटलेल्या अंगाचं माप घ्यायची.

"अंगणात उघडाल का, मावशी?"

"उघडीन. पण वारा लागल्याशिवाय पाठ फुगत नाही, बाई."

"मग वाऱ्यातच घेते."

नणंदेनं कपाळाला हात लावला. "माळ्यावर चढताना माझा दंड धरता तुम्ही."

"आज मावशींचा धरीन."

टपालाच्या पट्ट्यांनी शिंपीण मावशींच्या पाठीवर बांधली गेली. "पत्रांच्या पोत्याहून हलकीच आहेस," म्हणत मावशींनी झेप घेतली. शिंपिणीनं पट्टा घट्ट धरला. छपरं काडेपेटीएवढी झाली. तिनं खाली बघणं सोडलं, फीत दातांत धरली आणि उजव्या पंखाच्या मुळापासून कण्यापर्यंत ताणली. मिटलेल्या मापाहून तब्बल वीतभर जास्त. लिहिणार कशावर? तिनं कमरेचा दोरा फितीला लावला आणि त्या मापावर गाठ मारली.

खाली उतरल्यावर ती मातीतच बसली. नणंद पाणी घेऊन धावली.

"झालं ना एकदाचं?"

"उजवी बाजू झाली." शिंपिणीनं पाणी बाजूला ठेवलं आणि सुटलेला पट्टा पुन्हा कमरेला आवळला. "मावशी, दम खाल्लात का? डावी राहिलीय."