चार बोटं आखूड

धाकट्या बहिणीला पोलिओ होता. पायाला कॅलिपर मिळाला तर ती शाळेत स्वतः चालत जाणार होती, म्हणून वडील आम्हा दोघांना अमळनेरहून एसटीने धुळ्याच्या शिबिरात घेऊन गेले. तिथला कारागीर माप घेऊ लागला तेव्हा वडील म्हणाले, "भाऊ, दोन बोटं वाढतं माप ल्या. पोर वाढता अंगनी शे." आमच्याकडे फ्रॉकही तसेच शिवत.

"आबा, हा काही झगा नाही," तो हसला आणि यादीत नाव घातलं.

कॅलिपर दोन वर्षांनी आला. चार बोटं आखूड.

"नवं माप घेऊ, पण नाव पुन्हा यादीच्या शेवटी जाईल," तोच कारागीर म्हणाला.

"मी तवयच सांगं व्हतं," वडील एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी अनुदान आटलं आणि शिबिर बंद झालं. दहावीपर्यंत वडिलांनी तिला सायकलवरून शाळेत पोचवलं.

ती गेली त्याला आता सहा महिने होतील. तिच्या पेटीत तो कॅलिपर निघाला. एखाद्या लहान मुलीला बसेल म्हणून मी तो धुळ्याला, अपंगांना साहित्य देणाऱ्या कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "वापरलेलं साहित्य आम्ही घेत नाही."

त्याच्या चामड्यावर एक सुरकुतीही नव्हती.