आलुबुखाराचं पिंप आणि बिनरिव्हेटचा पंख

विमानाचा नवा पंख किती भार पेलतो ते बघायला तो उलटा बांधून त्यावर वाळूची पोती रचत होते, आणि ओल्दा मनातल्या मनात म्हणत होती, मोड मेल्या, आत्ताच मोड.

अख्ख्या कारखान्यात असलं मागणं मागणारी ती एकटीच. कुनोवित्से गावाजवळच्या या शेडमध्ये तिने सव्वीस वर्षं छोट्या विमानांना पत्रे जोडायचे रिव्हेट ठोकले होते. मग तरुण इंजिनियर रादोवान आला. त्याच्या नव्या पंखात रिव्हेटच नव्हते. सगळा कार्बनच्या धाग्यांचा, राळेने चिकटवलेला, चौदा किलोंनी हलका. "मावशी, चिकटवायचं तुम्हीच. असा हात दुसऱ्या कुणाचा नाही," म्हणाला. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा श्रीगणेशा करायला छाती लागते. ओल्दाने तो केला.

पण खोड जात नाही. आलुबुखार उतरले की दारूसाठी घरोघरी पिंपात आंबत पडतात, आणि आंबायला ऊब लागते. सगळ्यात छान ऊब पंखाचा कणा, म्हणजे आतली मुख्य तुळई, वाळवायच्या खोलीत. ओल्दाने आपलं पिंप तिथे गुपचूप कोपऱ्यात सरकवलं. आठ दिवसांनी कणा हाताला बुळबुळीत लागला. तिने फडक्याने पुसला आणि वर कवच चिकटवलं.

काल रादोवान कुणाला तरी दटावत होता, "त्या खोलीत बसून जेवू नका रे. श्वासातल्या वायूनेसुद्धा कार्बनवरच्या ओल्या राळेवर बुळबुळीत साय धरते. तिच्यावरचा जोड आज धरेल, उद्या हवेत सुटेल." ओल्दाला आपलं पिंप आठवलं. तोच वायू पिंपातून रात्रंदिवस बुडबुडत होता.

आणि शनिवारी हा पंख लावून विमान उडवणार होता तिचा शेजारी, वैमानिक क्वेतोश. पंख आज मोडला तर तिला तोंड उघडावं लागणार नव्हतं.

शेवटचं पोतं चढलं. टोक खाली झुकलं, आत काहीतरी करकरलं. तीन सेकंद टिकायला हवा होता. रादोवान मोजू लागला, "एक... दोन... तीन!"

टिकला! रादोवान तिच्या गळ्यातच पडला. क्वेतोश ओरडला, "शनिवारी उतरलो की तुझी बाटली, ओल्दा! लपवलीस तर याद राख!"

"उडायचं नाही," ती म्हणाली.

सगळे हसले.

"हसताय काय! माझं आलुबुखाराचं पिंप होतं त्या खोलीत. आठ दिवस."

रादोवानचा चेहरा उतरला. "हे आत्ता सांगताय? अहो, पंख टिकला की!"

"आज टिकला."

त्याने रागारागाने पातळ पातं घेतलं आणि जोडात घातलं. पातं मुठीपर्यंत आत गेलं. कवच वीतभर सहज सुटून आलं. खालची बाजू लख्ख, कुठे ओरखडासुद्धा नाही; जोड कुठेच धरला नव्हता. रादोवान खालीच बसला. वर्षाची मेहनत त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती, आणि ओल्दाला त्याच्याकडे बघवेना. तिने एप्रन सोडून त्याची घडी घातली.

क्वेतोशने कवचाचा तो सुटलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"एप्रन बांध," तो म्हणाला. "पुढचा पंखही तूच चिकटवायचा. दुसऱ्या कुणी चिकटवला, तर मी विमानात बसणार नाही."

तेव्हा मात्र ओल्दाला रडू आवरेना.