ओक मास्तर पायथ्याशी

डोंगर चढून आलेला माणूस आणि लग्नाहून परतलेली बाई, दोघांनाही बोलल्याशिवाय अन्न गोड लागत नाही! मुलुंडच्या आमच्या मंडळींनी पन्नासच्या दशकात सह्याद्रीतले इतके गड पालथे घातले, की आता चौघं जमले आणि चहा आला की कुणीतरी म्हणतंच, “ओक मास्तरांचं काढ ना रे!” मग काय, एक किस्सा काढला की त्याला चिकटून दुसरा येतो.

ओक मास्तर मुलुंडच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होते. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही जमायचो. मी प्रधान, घाटकोपरच्या एका कचेरीत नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. दुसरा बाबी परब, भांडुपच्या कारखान्यात फिटर. बाप गिरणीत, गाव मालवणकडचं, तोंड अखंड चालू. मास्तर गड समजावून सांगायचे आणि मास्तरांच्या पत्नी, आमच्या माई, पोहे द्यायच्या. रविवारी गडावर स्वारी!

पहिल्याच स्वारीला पायथ्याच्या गावात पोचलो. मास्तर मारुतीच्या देवळात बसले आणि म्हणाले, “बूट चावतोय रे. तुम्ही व्हा पुढे.”

आम्ही गेलो. वर पाहतो तर काय, मास्तरांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी! दरवाज्याची वळणं, पडक्या सदरेचं जोतं, बुरुजाच्या पोटातला छोटा दिंडी दरवाजा. परब दर पावलाला “आयला!” म्हणत होता. खाली येऊन मी मास्तरांना विचारलं, “मास्तर, तुम्ही इथं किती वेळा आलात?”

“मी? कधीच नाही.”

“मग दुसरे कुठले गड चढलात?”

मास्तरांनी बुटाची नाडी सोडली, परत बांधली आणि म्हणाले, “एकही नाही!”

*

पुढच्या गडाला मास्तरांचं पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या गडाला चष्मा घरी राहिला. चौथ्या वेळी मात्र परबाला राहवलं नाही. गुरुवारी पोहे खाता खाता त्यानं माईंनाच विचारलं, “माई, मास्तर वर कित्याक येनत नाय?”

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. माई म्हणाल्या, “अरे, हे गच्चीवर पापड वाळत घालायला येत नाहीत, गडावर कसले येतात! कठड्याजवळ गेले की डोळे फिरतात यांचे.”

आम्ही हसलो नाही. हसणार कसे? ज्या माणसाला अख्ख्या सह्याद्रीच्या पायऱ्या पाठ, त्याला तिसरी पायरी चढली की घाम फुटतो! मास्तर हळूच म्हणाले, “बाकी राहू दे. रायगड एकदा बघायचा आहे. नोकरीची दोन वर्षं उरलीत. मग मुलाकडे जबलपूरला. तिथून कसला येतोय मी!”

त्या दिवसापासून आमच्या मंडळाला एकच काम उरलं. बाकी सगळे गड म्हणजे रंगीत तालीम.

*

एका गडाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर लोक जातील आणि तिथल्या पाण्यात साबण लावून आंघोळी करतील!

त्या गावच्या पाटलांशी मास्तरांची जुंपली. पाटील म्हणे, “वर पाण्याची दोनच टाकी. माझा बाप, आजा, सगळे वर गुरं घेऊन जायचे.” मास्तर म्हणे, “तिसरं आहे. उत्तरेच्या कड्याच्या पोटात. जुन्या कागदात आहे.”

“कागदात असंल. डोंगरात न्हाई.”

शेवटी पाटील स्वतः कोयता घेऊन आमच्याबरोबर वर आले. उत्तरेला नुसतं कारवीचं रान. तासभर तोडलं तेव्हा खडकात माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढं भोक दिसलं. परब आत शिरला.  मग आतून त्याचा आवाज आला, पण एकदा नाही, पाच-सहा वेळा घुमत घुमत!

आम्ही आत गेलो. खडकात कोरलेले चार खांब, आणि त्यांच्या मधून पसरलेलं पाणी. काडी पेटवली तर तळाचा खडा दिसत होता. कुणी कोरलं असेल, किती वर्षं छिन्नी चालवली असेल, आणि आपण मात्र दिवसभर कचेरीत फायलींना सुतळ्या बांधतो! माझ्या अंगावर काटा आला. पाटलांनी ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मग प्यायले.

खाली आल्यावर त्यांनी सरळ पागोटं मास्तरांच्या पायांवर ठेवलं. “गुरुजी, मागल्या जन्मी तुमी ह्या गडावर व्हता!”

मास्तर म्हणाले, “असेन. पण तेव्हाही खालीच बसलो असेन!”

*

आता माझा पराक्रम. राजगडाचा नकाशा मास्तरांनी कुठूनसा मिळवला होता. मी तो कचेरीतल्या ट्रेसिंग कापडावर नावं न लिहिता उतरवून घेतला. कापड आरपार दिसणारं, आणि घाईत मी ते नेलं उलट्या बाजूनं वर करून! आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकाऊ उमेदवार करतो ती चूक मी नवव्या वर्षी केली.

मास्तरांनी बजावून पाठवलं होतं, “सुवेळा माचीवर जा. तिथे कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यात बसून या.” आम्ही नकाशाप्रमाणे वळलो आणि पोचलो नेमके दुसऱ्या टोकाला, संजीवनी माचीवर. दुपारपर्यंत भोक शोधतोय! परब तर प्रत्येक दगडाच्या फटीत डोकं घालून बघत होता.

“मास्तर चुकले,” मी म्हटलं.

“गप रे! मास्तर चुकत नाय,” परब म्हणाला. “भोक बुजला असतला.”

खाली उतरलो. मास्तर देवळाच्या पायरीवर वाट बघत बसले होते. त्यांचा चेहरा बघून परबानं खुशाल ठोकून दिलं, “नेढा? झकास, मास्तर! काय वारो!”

“त्यात माणसं किती मावतात?”

परबानं माझ्याकडे बघितलं. “अर्धो.”

“अरे, आठ-दहा माणसं बसतात तिथे!” मास्तरांनी माझ्या हातातलं कापड घेतलं, उजेडाकडे धरलं, पालटलं. “प्रधान, तू अख्खा राजगड आरशात घालून आलास!”

माझी मान खाली. पण मास्तर रागावले नाहीत. “मग बघितलंत काय?” त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं: तटाला लागून दुसरा तट, दोन्हींच्या मधून माणूस जाईल एवढी गल्ली, आणि ही दुहेरी भिंत डोंगराच्या धारेवरून लांबच लांब गेलेली. मास्तरांनी वही काढली. किती रुंद, किती पायऱ्या, दगड कसे बसवलेत. दीड तास आम्हांला सोडलं नाही! शेवटी वही मिटून म्हणाले, “चूक फार चांगली केलीस. पुढच्या महिन्यात सुलटा राजगड करा.”

केला. नेढ्यात बसलो. आठ माणसं आरामात मावतात आणि दोन्ही बाजूंनी फक्त आभाळ.

*

हरिश्चंद्रगडाला मात्र भांडण झालं.

मास्तर खाली पाचनईत थांबले आणि आम्ही वर कोकणकड्यावर गेलो. कड्याच्या काठाशी पोटावर पडून खाली बघायचं असतं. बघितलं. खाली जमीन आहे हे डोळ्यांना पटायलाच वेळ लागला. कडा आत वळलेला, एखाद्यानं डोंगराचा मोठा घास घेतल्यासारखा. तळाची झाडं मोहरीएवढी.  मग परबाच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यानं डोक्यावरची काळी टोपी काढली आणि दरीत टाकली. खालून असा वारा आला, की टोपी गरगरत वर आली, आमच्या डोक्यांवरून गेली आणि मागे गवतात पडली!

परब उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, “टोपीक पण खाली जावचा नाय!”

पाचनईत मास्तरांनी विचारलं, “कसा आहे कडा?”

 परब म्हणाला, “मास्तरांनू, तां सांगूक येवचा नाय. तां बघूकच व्हया.”

मास्तर ताडकन उठले. “तीस वर्षं मी न बघितलेलं सांगतोय! आणि तुम्हांला बघितलेला एक कडा सांगता येत नाही?” असा आवाज त्यांचा आम्ही कधी ऐकला नव्हता. परतीच्या वाटेवर ते आमच्यापासून चार पावलं पुढेच चालले. मला फार वाईट वाटलं. बोलणं परबाचं खरं होतं, तेच तर लागलं होतं.

*

मग मास्तर निवृत्त झाले. जबलपूरची तिकिटं आली, सामान बांधून झालं आणि हातात एक आठवडा राहिला. परब म्हणाला, “मास्तर, रायगड.” मास्तर म्हणाले, “नको रे, अर्ध्यावर माझं काही झालं तर तुम्हांला त्रास.”

माई पेटीला दोरी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “घाण्याच्या बैलाचे डोळे बांधतात ना? तसे तुमचे बांधू. वाट तर पाठ आहे!”

आम्ही चौघं निघालो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं धरमतर, एसटीनं महाड, पुढे पाचाड. सकाळी पायथ्याशी माईंनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मास्तरांच्या डोळ्यांवर बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली. परबानं पुढून हात धरला, मी मागून पाठीला हात लावला. माई पदर खोचून पुढेच निघाल्या.

मास्तर घामानं निथळत होते, पण बोलायचे थांबत नव्हते. “चित दरवाजा गेला ना? आता खुबलढा बुरूज. हा का?”

“हाच, मास्तर!”

डोळे बांधलेला माणूस डोळसांना गड दाखवत होता! आम्हांला न दिसलेल्या गोष्टी त्यांच्या बोलण्यानंतर दिसायच्या. वर चढणाऱ्या दोन गावकऱ्यांनी डोक्यावरचे भारे उतरवले आणि ते ऐकत आमच्याबरोबर चालायला लागले.

मग कड्याच्या बाजूची वाट आली. वारा सुटला. मास्तरांनी परबाचा हात घट्ट धरला. “परबा, दरी कुठल्या हाताला?”

“दरी? खयची दरी! दोनूं बाजूक भाताची खाचरां आसत.”

“खोटं बोलू नकोस. घार पायाखालून ओरडतेय!”

मास्तर मटकन खाली बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आता परत फिरणार, हे आम्ही समजून चुकलो. माई चार पायऱ्या वर उभ्या होत्या. त्या खाली आल्या नाहीत. मास्तरांनी दोन्ही हातांनी पायरी चाचपली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पुटपुटले, “छिन्नीचा घाव चांगला बसलाय.” आणि उठले!

महादरवाज्यात त्यांनी चपला काढल्या. हात भिंतीवरून सरकत गेला तो थेट अडसराच्या खोबणीत. कोपरापर्यंत हात आत घालून ते म्हणाले, “आहे.” एवढंच. आमच्या मागचे दोघं गावकरी पागोटी काढून उभे होते.

वर सपाट माळावर आल्यावर माईंनी पट्टी सोडली. मास्तर उन्हात डोळे चोळत उभे राहिले. समोर बाजारपेठ, दगडी जोत्यांच्या दोन सरळ रांगा आणि मधून रुंद रस्ता. मास्तर एका जोत्याजवळ गेले आणि त्याच्यापाशी उभे राहिले. जोतं त्यांच्या छातीशी आलं. “घोड्यावर बसूनच खरेदी करत असणार रे,” ते म्हणाले, “उगाच नाही एवढं उंच!” आणि लहान पोरासारखे हसले.

मग सुटले! या टोकापासून त्या टोकापर्यंत. गंगासागर, सदर, जगदीश्वर. आम्हांलाच त्यांच्यामागे धावावं लागत होतं. महाराजांच्या समाधीपाशी मात्र बसले. फार वेळ बसले.  मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. “तीस वर्षं पोरांना सांगितलं,” ते म्हणाले, “काहीच सांगितलं नाही रे मी.”

उन्हं कलली. खाली पाचाडात मुक्काम, दुसऱ्या दिवशी लाँच, परवा जबलपूरची गाडी. आम्ही परत बाजारपेठेत आलो तेव्हा माईंनी पट्टीची घडी उलगडली. “चला. बांधू?”

मास्तर जोत्याच्या पायरीवर टेकले. “बांधून उपयोग नाही.”

“का?”

“चढायची वाट पाठ होती. सगळ्यांनी तीच लिहिली आहे. उतरायची कुणी लिहिलीच नाही!”

माईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पश्चिमेकडे, अजून हातभर वर असलेल्या सूर्याकडे बघितलं. पट्टी कमरेला खोचली आणि त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या, “सरका थोडे.”